एकाच पेनाने लिहिलेल्या नोंदी

मी लेखापरीक्षक आहे. लोकांच्या वह्या तपासायच्या, व्हाउचरं चाळायची आणि कुठे आकडा खटकला की तिथेच ठाण मांडून बसायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. जवळपास तीन वर्षं मी पोटाचा हिशेबही तितक्याच कडकपणे ठेवला, आणि पाण्याचाही.

आजाराचं नाव अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जायचा मानसिक आजार. मी चाळिशीचा पुरुष, घरी बायको आणि एक मुलगी. हे सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो. हा आजार कोवळ्या मुलींना होतो अशी त्याची समजूत असते, आणि माझीही तीच होती. रुग्णालयातल्या पहिल्या फॉर्मवर ‘शेवटची पाळी कधी आली’ असा रकाना होता. मी सवयीने ‘लागू नाही’ लिहिलं. पुढे कळलं की बायकांच्या बाबतीत पाळी थांबणं ही निदानाची एक अटच होती. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ती २०१३ साली आपल्या निकषांतून काढली.

वजनाचा आणि उष्मांकांचा एकही आकडा मी इथे देणार नाही. आजारी असताना दुसऱ्यांचे असले अनुभव मी फक्त आकड्यांसाठी वाचायचो आणि प्रत्येक आकड्याशी शर्यत लावायचो. आत्ता हे वाचणाऱ्यांत तसा एखादा असणारच.

सुरुवात अगदी साधी होती. थोडं वजन उतरवा असं एका डॉक्टरांनी सांगितलं, मी उतरवलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मग मला थांबता आलं नाही. वर्षभराने त्याच डॉक्टरांकडे गेलो तेव्हा घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होतं आणि लाकडी खुर्चीवर बसलं की माकडहाड टोचत होतं. त्यांनी जुना कागद काढला, नवा आकडा पाहिला आणि म्हणाले, “वा, असंच चालू ठेवा.” त्यांच्यावर माझा राग आहे का? आहे. पण मीही त्या दिवशी घरी येऊन ते वाक्य बायकोला प्रमाणपत्रासारखं वाचून दाखवलं होतं.

शेवटी तिनेच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. मी तयारीनिशी गेलो होतो. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते, ते फायलीत लावून नेले. नाडी खूप मंद होती, त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, “मी रोज पळतो. धावपटूंची नाडी मंदच असते.” डॉक्टरांनी मला आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब मोजला. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. “धावपटूचं हृदय बळकट असतं म्हणून सावकाश चालतं,” ते म्हणाले. “तुमचं काटकसर करतंय. घरात पैसे नसले की दिवे मालवतो ना आपण, तसं. आणि रक्ताचं म्हणाल, तर शरीर शेवटपर्यंत ताळेबंद जुळवून दाखवतं.”

ताळेबंद जुळवून दाखवणं म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मला वाटलं होतं, एखादी गोळी देतील आणि घरी सोडतील. गोळी मी मागितलीसुद्धा. ते म्हणाले, या आजाराच्या गाभ्यावर चालेल असं औषध अजून नाही. बुलिमिया असता, म्हणजे अधाशासारखं खाऊन मग ते उलटीने किंवा जुलाबाच्या औषधाने बाहेर काढणं असतं, तर फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा उपयोग झाला असता. नैराश्यात ते दिवसाला २० मिलिग्रॅम देतात, बुलिमियात ६०. माझ्या उदासीवरही त्यांनी तेव्हा काही दिलं नाही. “उपाशी मेंदूवर गोळी नीट चालत नाही. आधी जेवा, मग बघू किती उदास उरताय ते.” मला ते तेव्हा फार निर्दयी वाटलं.

दाखल व्हायचं की घरून उपचार घ्यायचे हे वजनाच्या एका आकड्यावर ठरत नाही. नाडी, ईसीजी, पोटॅशियम, वजन किती झपाट्याने उतरलं, घरी खाणं खरोखर होईल का, हे सगळं बघतात. मी दहा दिवस दाखल होतो. आता भरभरून खायला घालतील या भीतीने पहिल्या रात्री झोप लागली नाही. समोर आलं ते अगदी बेताचं जेवण. मी चक्क दुखावलो. मग नर्सने समजावलं. दीर्घ उपवासानंतर एकदम अन्न आलं की शरीरात इन्सुलिन वाढतं, ते रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढून घेतं. रक्तातली पातळी कोसळली की हृदयाची लय बिघडू शकते, माणूस दगावू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत हे घडलं होतं. म्हणून थायमिनच्या, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ ईसीजी, रोज रक्त आणि रोज थोडंसं जास्त जेवण. चौथ्या दिवशी पावलं सुजली. मोजे काढले की खोल वळ दिसायचे. ती चरबी नसून पाणी आहे हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. तिघांवरही मी विश्वास ठेवला नाही.

दाखल असतानाची एक गोष्ट सांगायलाच हवी. सहाव्या दिवशी मानसशास्त्रज्ञ मॅडम पहिल्यांदा भेटायला आल्या. माझ्यापेक्षा वयाने लहान, गळ्यात ओळखपत्र, हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा. अर्धा तास बोललो. शेवटी त्या म्हणाल्या, “आता बसा.”

मी उभाच होतो. अख्खा अर्धा तास खिडकीला टेकून उभा. मग आठवत गेलं की ऑफिसमध्ये फायली मी उभ्याने वाचतो, घरी टीव्ही उभ्याने बघतो, फोनवर तर बसून शेवटचं कधी बोललो तेही आठवेना. ही माझी सवय आहे असं मी समजत होतो. बसलो तर घेतलेलं खर्च होणार नाही, असा हिशेब माझ्याही नकळत कुठेतरी चालू होता. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि मला घाम फुटला.

बाहेर पडल्यावर त्यांच्याकडेच उपचार सुरू झाले. पद्धत संज्ञानात्मक वर्तन उपचाराची, म्हणजे बोलून आणि सराव करून विचार व वागणं बदलायची, खास खाण्याच्या आजारांसाठी ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बेतलेली. वजन फार उतरलं नसेल तर साधारण २० सत्रं, माझ्यासारख्यांना ४०. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. लहानपणी काय झालं, आई कशी होती, याची तयारी मी करून गेलो होतो, दोन-तीन चांगले प्रसंग निवडूनही ठेवले होते. त्यांनी विचारलंच नाही. हा आजार आज कशाच्या जोरावर चालू आहे एवढंच त्यांना हवं होतं. ते त्यांनी एका कागदावर चौकटी आणि बाण काढून मांडलं. शेवटचा बाण फिरून पहिल्या चौकटीकडे आला.

आणि मग दिले ते कोरे कागद. वेळ, काय खाल्लं-प्यायलं, कुठे, आपल्या मते जास्त झालं असेल तर फुलीची खूण, आणि शेवटी रुंद रकाना शेऱ्यासाठी. उष्मांकांचा रकाना नव्हता. फोनमधलं मोजणारं अ‍ॅप त्यांच्यासमोर काढून टाकायला लावलं. अट एकच, नोंद खाताक्षणी करायची. रात्री आठवून लिहायची नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी तीन दिवसांच्या नोंदी एका रात्रीत लिहून काढल्या. वर्षअखेरची कामं होती, राहून गेलं होतं. मॅडमनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, “हे सगळं एकाच बैठकीत लिहिलंय का?”

मी हसलो. खरंच हसलो, किती महिन्यांनी कोण जाणे. कारण व्हाउचरं तपासताना मी नेमकं हेच शोधतो. महिनाभराच्या पावत्या, पण पेन एक, शाईचा दाब एक, अक्षराचा कल एक. खरा महिना असा दिसत नाही. खऱ्या महिन्यात कुठे पेन बदललेलं असतं, कुठे डाग, कुठे घाईतली सही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत जी चलाखी पकडली, तीच मी स्वतः केली होती, आणि तीही वाईट केली होती. त्या दिवसापासून कागदाची घडी शर्टाच्या खिशात आणि पेन सोबत. माझ्या जुन्या कागदांवर आता तीन रंगांची शाई आणि बरेच डाग आहेत.

खाण्याचा नियम ऐकायला इतका साधा की मला फसवल्यासारखं वाटलं. तीन जेवणं आणि दोन-तीनदा मधलं खाणं, वेळा ठरलेल्या, मध्ये चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक असो-नसो, इच्छा असो-नसो. मी म्हणालो, “पण खावंसं वाटायला तर हवं.” त्या म्हणाल्या, “त्याची वाट तुम्ही तीन वर्षं पाहिलीत.”

सगळ्या उपचारात मला सर्वांत अवघड गेलं ते हे. मला वाटायचं, आधी मन दुरुस्त होईल, मग हात ताटाकडे जाईल. इथे सगळं उलट होतं. आधी हात, मग पोट, आणि मन कितीतरी महिन्यांनी, कुरकुरत. जेवण औषधासारखं घ्यायचं. औषध चवीला आवडलं का असं कोणी विचारत नाही.

वजन आठवड्यातून एकदाच, त्यांच्याच खोलीत, दोघांनी मिळून बघायचं आणि आलेखावर टिंब द्यायचं. घरचा काटा बायकोने उचलून गाडीच्या डिकीत टाकला. मी दिवसातून किती वेळा त्यावर चढायचो ते लिहायची लाज वाटते. एका टिंबावर बोलायला मॅडमची मनाई होती, चार टिंबं झाली की मगच त्या रेषेकडे बघायच्या. पाणी, मीठ, पोट साफ होणं, एवढ्याशा कारणाने काटा हलतो. एका दिवसाच्या विक्रीवरून धंद्याचं मोल करणाऱ्या व्यापाऱ्याला मी नेहमी हसत आलो आहे, त्यामुळे यावर वाद घालायला मला तोंड नव्हतं.

चौथ्या की पाचव्या आठवड्यात त्यांनी मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. मिनेसोटा विद्यापीठ, १९४४-४५, अ‍ॅन्सेल कीज नावाचे शरीरशास्त्रज्ञ. युद्धात हत्यार धरायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने आले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, उपासमारीचा माणसावर काय परिणाम होतो आणि त्यातून त्याला वर कसं काढायचं हे कळावं म्हणून. यांतल्या कोणाला बारीक व्हायची हौस नव्हती. तरी काही महिन्यांत ते अन्नाखेरीज दुसरं काही बोलेनात. घासाचे बारीक तुकडे करून तासभर जेवत. सतत थंडी वाजे. चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, बायकांमधला रस संपला. आणि पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत बसत.

इथे मी मॅडमना थांबवलं. रोज रात्री घर झोपल्यावर मी स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायचो. दोन-दोन तास, आवाज बंद करून. एकही पदार्थ मी कधी करणार किंवा खाणार नव्हतो. पदार्थ ताटलीत काढून झाला की पुढचा व्हिडिओ. बायकोला वाटायचं मी दुसरंच काहीतरी बघतो, आणि मी तिचा तो समज तसाच राहू दिला होता, कारण खरं सांगण्यापेक्षा ते बरं वाटत होतं. ही माझी खासगी विकृती आहे, माझ्या स्वभावातली कीड आहे, असं मी धरून चाललो होतो. आणि मी जन्मायच्या कितीतरी आधी ३६ अनोळखी पुरुष अगदी तेच करून गेले होते. थंडी, चिडचिड, तासभर चिवडलेलं ताट, मुलीने मिठी मारली की अंग आक्रसणं, यातलं किती माझं आणि किती नुसत्या उपासमारीचं, हे जेवल्याशिवाय कळणार नव्हतं.

त्या रात्री बायकोला व्हिडिओ दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अरे, हे तर मला सांगायचंस. मी काय काय समजत होते.”

प्रयोगातला पुढचा भाग मला मॅडमनी मुद्दाम सांगून ठेवला होता. त्या तरुणांना पुन्हा पोटभर जेवण मिळू लागलं तेव्हा काहींची भूक महिनोन् महिने भागेना. माझंही तसंच झालं. तिसऱ्या महिन्यात अशी भूक सुटली की जेवून उठलो तरी डोळे ताटातच. रात्री घाम यायचा, चादर भिजायची. एकदा मध्यरात्री स्वयंपाकघरात उभ्याने डबाभर बिस्किटं संपवली, रिकामा डबा धुऊन पुसून जागेवर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून सकाळचं खाणं टाळलं. कागदावर फुली पडली. मॅडमचं बोट मात्र फुलीवर थांबलं नाही, त्याच्या खालच्या रिकाम्या ओळीवर थांबलं. खाल्लं हा प्रश्न नाही, पुढचं चुकवलं हा आहे, कारण चुकवलेल्या जेवणातूनच पुढची मध्यरात्र येते. तसंच झालं होतं, दोनदा.

बायको चार सत्रांना आली. पहिल्याच सत्रात तिने विचारलं, “मग मी समोर बसून याला भरवू का?” मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असता तर मॅडम हो म्हणाल्या असत्या. कुमारवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेली पद्धत आहे, तिच्यात काय आणि किती खायचं हे काही काळ सर्वस्वी आई-वडील ठरवतात आणि मूल सावरेल तसा कारभार हळूहळू त्याच्या हाती परत देतात. आजार कोणामुळे झाला याची चौकशी तिथेही नाही. चाळिशीच्या माणसाचा कारभार त्यानेच सांभाळायचा. बायकोने सोबत जेवायचं, माझ्या ताटाकडे बघायचं नाही, आणि जेवताना जेवणावर बोलायचं नाही. तिसरी अट तिला फार जड गेली. पहिले काही दिवस आम्ही जेवताना मुलीच्या गणिताच्या बाईंवर इतकं बोललो की त्या बाईंना उचक्या लागल्या असतील.

नातेवाइकांना अटी घालता येत नाहीत. आपल्या भाषेत ‘तब्येत सुधारली’ याचा अर्थ काय होतो, हे अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णाला विचारा. सहा महिन्यांनी भेटलेल्या मावशीने ते वाक्य अगदी प्रेमाने टाकलं, वर “अंगाने भरलास हो” हेही जोडलं. मी न्हाणीघरात जाऊन पाच मिनिटं बरगड्या चाचपत उभा राहिलो. मग कागद काढून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘मावशी’. पुढच्या सत्रात त्या एका शब्दावर पाऊण तास गेला. हाडं चाचपणं, पट्ट्याचं भोक बघणं, मनगटाला बोटांचं कडं घालणं, असं मी दिवसात किती वेळा करतो ते एक दिवस मोजायला लावलं. आकडा बघून मला ऑफिसात कामाला वेळ कसा मिळत होता हेच कळेना.

एका सत्रात त्यांनी वर्तुळ काढून दिलं. स्वतःला जोखताना कशाला किती महत्त्व देता, तसे भाग पाडा. मी पट्टी मागितली. वजन आणि खाण्यावरचा ताबा यांचा भाग पाडल्यावर बाकी सगळ्यासाठी एक चिंचोळी फाक उरली, तिच्यात मुलगी, बायको, काम, मित्र कोंबून लिहावे लागले, अक्षर वाचता येईना. मोठा भाग कमी कसा करायचा, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तो नुसता कापून कमी होत नाही, बाकीचे वाढवावे लागतात. मला काहीच सुचेना. शेवटी मुलीला सायकल शिकवायची राहिली आहे हे आठवलं. पळायला मनाई होती, त्यामुळे मला सायकलमागे धावता येईना. मी मैदानाच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो आणि ओरडून सूचना दिल्या. ती दोनदा पडली आणि दोन्ही वेळा माझ्याच नावाने ओरडली.

चाळीस सत्रं संपायला वर्षाच्या आसपास लागलं, मध्ये माझी दोन आजारपणं आणि एकदा मी रुसून तीन आठवडे न गेलो ते धरून. शेवटी कागद बंद करायला सांगितले. मी म्हणालो, राहू देत, मला सवय झाली आहे. “म्हणूनच बंद करा,” त्या म्हणाल्या. त्याऐवजी एक पानभर लिहून घेतलं, घसरण सुरू झाली तर ती मला कशी ओळखू येईल. माझ्या पानावर पहिली ओळ आहे ‘मधलं खाणं विसरलो असं स्वतःला सांगणं’. दुसरी, ‘जिना दोनदा चढणं’. बायकोने तिच्या हाताने तिसरी जोडली, ‘फोनचा आवाज बंद’.

परवा हाडांच्या घनतेची तपासणी झाली. माझं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, आजारात खाली गेलं होतं, ते वजनाबरोबर आपोआप वर आलं, पण हाडं तितकी उदार नाहीत. आकडा गेल्या वेळेपेक्षा किंचित बरा आहे, वयाच्या मानाने अजून कमीच. डॉक्टरांनी सावकाश व्यायामाला परवानगी दिली आहे, एकट्याने नाही, घड्याळ न लावता. मधल्या काळात ऑडिटच्या धावपळीत एकदा काटा थोडा खाली गेला होता, मॅडमना फोन करून दोन सत्रं जास्तीची घेतली.

संध्याकाळचे सव्वापाच झाले, माझी मधल्या खाण्याची वेळ. हे सगळं मी टेबलाच्या कडेला उभं राहून लिहीत होतो, हे आत्ता ध्यानात आलं. खुर्ची ओढून घेतो.